अल्बम आधी उघडू नका

ती. बाबा आणि आई,
शि. सा. नमस्कार.

परीक्षा संपली की चिनू आणि दादाच्या दोघी मुली महिनाभर नाशिकला तुमच्याकडे असणार. बाबा, यंदा तिघांना नाण्यांची गोडी लावायचीच, असं तुम्ही फोनवर म्हणालात तेव्हा मला फार बरं वाटलं. त्याबद्दलच सविस्तर लिहितेय, कारण फोनवर आपलं बोलणं गुडघेदुखीपाशी जातं आणि तिथेच संपतं.

विनंती एकच आहे. कपाटातला अल्बम पहिल्या आठवड्यात उघडू नका. त्यातलं प्रत्येक नाणं तुम्ही शोधलंय, त्यांनी नाही. मुलं आदराने बघतात, "भारी आहे, आजोबा" म्हणतात आणि उठून जातात. त्यांना शोधायला काहीतरी उरायला हवं. शिवाय या पिढीच्या हातात चिल्लर येतच नाही. वडापावसुद्धा फोनने स्कॅन करून घेतात. त्यामुळे सुरुवात चिल्लर हाताळण्यापासूनच करावी लागेल.

तुम्ही भाजी, दूध, गिरणी सगळं अजून रोखीनेच करता, ते इथे कामी येईल. आई, तुझा देवघराजवळचा डबाही मोकळा कर. कमी पडलं तर बँकेतून पाचशे रुपयांची चिल्लर आणा. बघून झालेली नाणी पुन्हा बाजारात जातातच, त्यामुळे पदरचं काही जात नाही. दुसऱ्या कुठल्या छंदात एवढी सोय आहे?

मग भिंग द्या आणि सालाखाली बघायला सांगा. चौकट दिसली तर मुंबईची टांकसाळ, चांदणी दिसली तर हैदराबादची, गोल ठिपका असेल तर नोएडाची आणि काहीच नसेल तर कोलकात्याची. हे त्यांना आधी सांगू नका. एकाच सालाची चार नाणी पुढ्यात ठेवा आणि फरक काय ते त्यांनाच विचारा. धाकटी पाच मिनिटांत ओळखेल, तिची नजर तुमच्यावर गेलीय. नंतर प्रत्येक सालाची चारही टांकसाळींची नाणी जमवायचा कागद ती स्वतःच आखायला बसेल. काही रकाने रिकामेच राहतील, कारण दरवर्षी प्रत्येक टांकसाळ प्रत्येक नाणं पाडत नाही. ते त्यांनाच शोधून काढू द्या.

चिनूला मात्र आपल्या माणसांची नाणी जास्त आवडतील. १९९० सालचा बाबासाहेबांचा रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच साली निघालेलं शिवाजी महाराजांचं दोन रुपयांचं नाणं आणि लोकमान्यांच्या दीडशेव्या जयंतीचं पाच रुपयांचं. ही नाणी रोजच्या व्यवहारासाठीच निघाली होती, म्हणून आजही कुणाच्या तरी गल्ल्यातून येऊ शकतात. महाराजांचं नाणं सापडलं तर त्याच्या बाजू मोजायला लावा. अकरा आहेत. मग वीस रुपयांचं नवं नाणं हातात द्या, त्याच्या बारा भरतील. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं नऊ ग्रॅमचं आहे. तळहातावर ते आणि आत्ताचं शेजारी ठेवलं की नाणी हलकी का होत गेली, हा प्रश्न त्यांच्याच तोंडून येईल. धातूचा भाव, नाणी वितळवणारे लोक, हे सगळं तुम्हाला तोंडपाठ आहेच. तुमचं बोलणं तेव्हा सुरू होऊ दे, आधी नाही.

किमतीचा विषय मात्र काढू नका, हे मी कळकळीने सांगते. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे व्हिडिओ मुलं बघतातच. ते नाणं २०१२ मध्ये निघालं आणि सर्रास सापडतं. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीसाठी रिझर्व्ह बँकेच्या नावाने लोकांकडून पैसे उकळले जातात, म्हणून २०२१ मध्ये खुद्द बँकेला इशारा द्यावा लागला. मोठ्या नातीला तो समजावून सांगा, ती कळत्या वयाची आहे. नाण्याकडे लॉटरीसारखं बघायची सवय लागली, की पहिल्या निराशेबरोबर छंद सुटतो.

आई, एक काम खास तुझ्याकडे. कुणी चिंच किंवा लिंबू घेऊन नाणी घासायला बसलं तर हात धर. तांब्याची भांडी लखलखीत झालेली बघून त्यांना तसंच वाटणार. पण घासल्याने वरची नक्षी झिजते आणि जाणकार असं नाणं बाजूला ठेवतो. नाणं कडेने धरायचं, हे बाबा दाखवतीलच.

दोन आठवड्यांनी त्यांच्याकडे स्वतःची वीसेक नाणी जमली की अल्बम बाहेर काढा. तेव्हा ते तुमच्या नाण्यांवर प्रश्न विचारतील, आपली तुमच्याशी ताडून बघतील. त्यानंतर अंजनेरीच्या नाणे संशोधन संस्थेचं संग्रहालय दाखवा. १९८० पासून ती संस्था आपल्या दाराशी आहे आणि अजून एकही नातवंड तिथे गेलेलं नाही. रिक्षाने जा, बसने नको. उभं राहून गुडघा दुखेल.

मी पंधरा तारखेला येते. संग्रहालय रविवारी उघडं असतं का, एवढं तेवढं विचारून ठेवा, म्हणजे मलाही बरोबर येता येईल.

तुमची,
लेक