चुंगथांगचे धरण पुन्हा बांधण्याआधी तिथल्या माणसांना विचारा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

सिक्कीमची बातमी आपल्याकडे येते ती बहुधा लाचुंगला दरड कोसळून पर्यटक अडकले की. चार दिवसांनी ते सुखरूप परतले की सिक्कीमही पानावरून जाते. तिथे राहणाऱ्यांपुढे आज जो प्रश्न उभा आहे, तो मात्र आमच्या सातारा जिल्ह्याने फार जवळून पाहिलेला आहे. म्हणून हे पत्र.

मी पाटण तालुक्यातला. आजोबांचे घर आणि शेत कोयनेच्या शिवसागर जलाशयात गेले. मे 2023 मध्ये आम्ही आठ निवृत्त शिक्षक उत्तर सिक्कीमला गेलो होतो. लाचुंगच्या वाटेवर आमची जीप चुंगथांगला चहासाठी थांबली. लाचेन आणि लाचुंग या दोन नद्या तिथे एकत्र येतात आणि पुढे तिस्ता म्हणून वाहू लागतात. पण आम्ही पाहिले तेव्हा वाहणे असे काही नव्हतेच. 60 मीटर उंचीच्या धरणामागे हिरवट पाणी गप्प उभे होते. चहा देणाऱ्या दिदी मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाल्या, धरण होण्याआधी रात्रभर नदीचा आवाज यायचा, आता झोपच लागत नाही. कप हातात धरून मी तसाच बसून राहिलो. माझी आजी नव्या गावठाणात आयुष्यभर हेच म्हणायची.

त्यानंतर पाच महिन्यांच्या आत, 4 ऑक्टोबर 2023 च्या मध्यरात्री, वर 5,200 मीटर उंचीवरच्या साउथ ल्होनाक या हिमतलावात काठावरचा मोरेनचा, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीचा, डोंगरच खचला. तलाव फुटला. लोंढा चुंगथांगला पोचला आणि 1,200 मेगावॉटच्या तिस्ता-3 प्रकल्पाचे धरण अवघ्या दहा मिनिटांत वाहून गेले. दरवाजे उघडायलाही सवड मिळाली नाही. धरणात अडवलेले पाणी त्या लोंढ्यात मिसळले आणि खाली डिक्चू, सिंगताम, रंगपोपर्यंत नदीकाठ धुऊन निघाला. मृत आणि बेपत्ता मिळून शंभरावर माणसे गेली, त्यात लष्कराचे जवानही होते. पुढे बंगालमधल्या तिस्ता बाजारात लोकांच्या घरात छतापर्यंत गाळ भरला.

हे आभाळातून अचानक कोसळले असे कुणी म्हणू नये. हा तलाव धोकादायक असल्याचे अभ्यासक कैक वर्षे सांगत होते. 2016 मध्ये सोनम वांगचुक यांच्या मदतीने तिथे पाइप टाकून पाणी उपसून काढण्याचा प्रयत्न झाला होता. तलावावर लक्ष ठेवणारी यंत्रे बसवण्याचे काम सुरू झाले ते दुर्घटनेच्या जेमतेम काही आठवडे आधी. त्याही आधी, 18 सप्टेंबर 2011 च्या 6.9 रिश्टरच्या भूकंपात याच प्रकल्पावरचे कामगार दगावले होते. आम्हा कोयनेच्या माणसांना 11 डिसेंबर 1967 च्या कोयना भूकंपाची पहाट कुणी समजावून सांगावी लागत नाही. थोरल्या माणसांच्या तोंडून ती ऐकतच आम्ही वाढलो.

आता तेच धरण पुन्हा बांधायचे ठरते आहे. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीने नव्या धरणाची शिफारस केली. या वेळी काँक्रीटचे आणि जवळजवळ दुप्पट उंच, 118 मीटरहून जास्त. बांधकाम अधिक भक्कम असेल, मोठ्या पुराचा हिशेब धरला जाईल, हे मला मान्य आहे. पण दुसऱ्यांदा जनसुनावणी न घेता हे पुढे सरकले, ही तिथल्या लोकांची तक्रार आहे आणि ती मला शंभर टक्के रास्त वाटते. पहिली सुनावणी झाली तेव्हाचे चुंगथांग आज जागेवर आहे कुठे? नदीचे पात्र वर आले, पूल गेले, वस्तीचा खालचा भाग गेला. त्या जुन्या होकाराला आता काय अर्थ उरतो?

राज्य सरकार याला तयार का होते, तेही समजून घेतले पाहिजे, नुसते बोट दाखवून चालणार नाही. सिक्कीमचे क्षेत्रफळ 7,096 चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या सातारा जिल्ह्याहूनही कमी. 2011 च्या जनगणनेत तिथे 6 लाख 10 हजार माणसे होती आणि साताऱ्यात 30 लाख. चुंगथांग ज्या उत्तरेकडच्या जिल्ह्यात येते, तिथे तर एका चौरस किलोमीटरला सरासरी 10 माणसे. एवढ्या माणसांच्या करातून डोंगरातले रस्ते, दवाखाने, शाळा चालत नाहीत, म्हणून डोळे दिल्लीच्या अनुदानाकडे लागलेले असतात. उरते काय, तर पर्यटन, औषधांचे कारखाने, लॉटरी आणि नदी. जलविद्युत प्रकल्पातून राज्याला 12 टक्के वीज फुकट मिळते. तिस्ता-3 मध्ये तर राज्य स्वतः 60 टक्क्यांहून अधिक हिस्सा घेऊन उतरले होते. प्रकल्पाचा खर्च चौदा हजार कोटींच्या घरात गेला होता आणि तो सुरू झाला त्या वर्षीच्या राज्याच्या अर्थसंकल्पाहून ही रक्कम कितीतरी मोठी होती. धरण 2017 मध्ये चालू झाले आणि साडेसहा वर्षांत वाहून गेले. त्यानंतर राज्याने आपला हिस्सा खासगी कंपनीला विकला. कर्जाचे ओझे उतरले असेल, पण नदीकाठच्या माणसाने आता जाब कुणाला विचारायचा? निवडून दिलेल्या सरकारला विचारता येतो. मालक कंपनी असली की गावकऱ्याला तिचा पत्तासुद्धा माहीत नसतो.

वीजच नको, असे मी म्हणत नाही. माझ्या घरातला दिवा कोयनेच्या विजेवर लागतो. माझे म्हणणे एवढेच की ज्यांच्या उशाशी धरण येणार आहे त्यांना आधी सगळे सांगा, मग त्यांचे ऐका.

आणि ऐकले की काय होते, हे सिक्कीमनेच दाखवून दिले आहे. 1975 मध्ये हे राज्य भारतात आले तेव्हा कलम 371 फ ने तिथले जुने कायदे राखले गेले. पुढे 2008 मध्ये सिक्कीमी लोकांना आयकरातून सूट मिळाली, पण सिक्कीमबाहेरच्या पुरुषाशी लग्न करणाऱ्या मुलीला ती नाकारली होती. विलीनीकरणाआधीपासून तिथे राहणाऱ्या जुन्या भारतीय कुटुंबांनाही नाकारली होती. सर्वोच्च न्यायालयाने 13 जानेवारी 2023 रोजी हा भेदभाव मोडीत काढला. चांगला निकाल. मात्र त्यात सिक्कीमी नेपाळींचा उल्लेख परदेशी मूळ असलेले असा आला आणि सारे राज्य रस्त्यावर उतरले. एक मंत्रीही पायउतार झाले. महिनाभरात न्यायालयाने ते शब्द काढून टाकले. सहा लाखांच्या राज्याचा आवाज देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला, तो असा.

धरणांच्या बाबतीतही असे घडलेले आहे. युकसमच्या पवित्र परिसरातला राथोंग चू प्रकल्प 1997 मध्ये राज्य सरकारने स्वतः रद्द केला. 2007 मध्ये लेपचा या तिथल्या मूळ जमातीचे तरुण, उत्तर सिक्कीममधल्या झोंगू या आपल्या राखीव प्रदेशातल्या धरणांविरुद्ध गंगटोकला दीर्घ उपोषणाला बसले आणि पुढच्याच वर्षी तिथले चार प्रकल्प मागे घेतले गेले. लाचेन आणि लाचुंगमध्ये तर आजही झुम्सा आहे. गावची ही जुनी सभा आपला पिपोन, म्हणजे प्रमुख, स्वतः निवडते आणि राज्याच्या पंचायत कायद्याने तिला मान्यता दिली आहे. विचारायचे कुणाला, असा प्रश्न तिथे पडूच शकत नाही.

म्हणून जनसुनावणी नव्याने घ्यावी, आणि ती एकट्या चुंगथांगला उरकू नये. डिक्चू, सिंगताम, रंगपो आणि बंगालमधल्या मेल्लीपर्यंत ती व्हावी, कारण लोंढा तिथवर गेला होता. वरच्या हिमतलावांचा अभ्यास लोकांना कळेल अशा नेपाळी भाषेत छापून हाती द्यावा. आणि 2023 मध्ये ज्यांची घरे गेली त्यांचे पुनर्वसन काँक्रीटची पहिली पाटी पडण्याआधी पूर्ण व्हावे. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा 1976 मध्येच करणारे आपले राज्य आहे. सिक्कीमचा लोकसभेत एकच खासदार, आपले 48. आमच्याच जिल्ह्यातले श्रीनिवास पाटील पाच वर्षे सिक्कीमचे राज्यपाल होते, त्यामुळे ते राज्य इथे कुणाला अगदीच परके नाही. आपल्या 48 पैकी एकाने जरी संसदेत हा प्रश्न विचारला, तरी तो नोंदला जाईल आणि मंत्र्यांना त्याचे उत्तर द्यावे लागेल. आपल्या वृत्तपत्राने ही मागणी उचलून धरावी, ही विनंती.

आमच्या जीपवाल्या दादाकडून त्या चहावाल्या दिदींचा ठावठिकाणा कळला. त्या वाचल्या. दुकान राहिले नाही. मध्यंतरी त्याच्याच फोनवर माझे त्यांच्याशी बोलणे झाले. मी कोयनेचा हे त्यांच्या लक्षात होते. त्यांनी विचारले, तुमच्या लोकांना जमीन किती वर्षांनी मिळाली? मी त्यांना खरे ते सांगितले. आमच्या घरात पहिला अर्ज आजोबांनी केला होता, आणि गेल्या महिन्यात माझ्या पुतण्याने त्याच फायलीला आणखी एक अर्ज जोडला आहे.

आपला नम्र,
एक कोयना प्रकल्पग्रस्त वाचक
ता. पाटण, जि. सातारा