घरोघरचा कचरा आणि ठेकेदारीचा मोह

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पुण्यातील कचरा संकलनाची चर्चा निघाली की हे काम एखाद्या मोठ्या ठेकेदाराकडे सोपवून मोकळे व्हावे, असा सूर हमखास उमटतो. त्याला मान डोलावण्यापूर्वी कोणाला कशाचे पैसे मिळतात, हे पाहायला हवे. टनावर देयक घेणाऱ्या ठेकेदाराला वजन वाढलेले हवेच असते. ओला-सुका एकत्र दाबून भरल्याने त्याचे काही बिघडत नाही. 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील सभासदाचे गणित याच्या उलट आहे. तिला घरटी मासिक शुल्क मिळते आणि सुक्या कचऱ्यातील भंगार विकण्याचा हक्कही तिचाच असतो, त्यामुळे वर्गीकरण हाच तिचा रोजगार ठरतो. आमच्या इमारतीत येणाऱ्या ताई दुधाच्या पिशव्या, बाटल्या आणि पुठ्ठा यांच्या वेगवेगळ्या गोण्या पार्किंगमध्येच भरतात, कारण भिजलेल्या पुठ्ठ्याचा भाव भंगारवाला लगेच पाडतो. उष्ट्यात कागद कोणी कोंबला, हेही त्या डब्यावरून अचूक ओळखतात.

ही व्यवस्था कोणाच्या दयेतून आलेली नाही. १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभी राहिली, तिच्यातूनच पुढे ही संस्था झाली आणि २००८ मध्ये महापालिकेशी करार झाला. २०२० च्या अखेरीस करार संपल्यावर मात्र काही काळ तुटपुंज्या मुदतवाढींवर काम रेटले गेले. दोन-तीन महिन्यांच्या भरवशावर कोणती संस्था नियोजन करू शकेल?

तक्रारी आहेत आणि त्या खऱ्या आहेत. खाडा झाला की बदली वेळेवर मिळत नाही आणि डबे दारात तुंबतात. पण खाड्याचे पैसे कापण्याचा ठराव आमच्या सोसायटीच्या सभेत ज्यांनी हिरिरीने मांडला, तेच आठवडाभर बंद लिफ्टच्या देखभालीचे बिल निमूट मंजूर करतात, हेही नमूद केले पाहिजे.

महापालिकेने या संस्थेशी दीर्घ मुदतीचेच करार करावेत, प्रत्येक प्रभागात वर्गीकरणासाठी छप्पर असलेली जागा व पाण्याची सोय द्यावी, आणि शुल्क थकवणाऱ्या सोसायट्यांना प्रशासनाने स्वतः नोटिसा बजावाव्यात.

आपला,
एक सोसायटी सभासद, पुणे