बंद कारखान्याखालची माती तपासा

महोदय,

नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत एखादा जुना कारखाना बंद पडला की भूखंडाचा भाव, रस्ता, वीजजोडणी अशी सगळी चर्चा होते. खालच्या मातीची चौकशी मात्र कोणी करत नाही.

लंडनमधील ग्रीनिच येथे दगडी कोळशापासून गॅस बनवणारा मोठा कारखाना होता. मिलेनियम डोम उभारण्यापूर्वी, १९९०च्या दशकात, तिथली जमीन साफ करावी लागली. अशा ठिकाणी डांबर, बेंझिन, सायनाइडची संयुगे मागे राहतात. डांबर पाण्यापेक्षा जड असते. ते खोल झिरपते आणि कारखाना गेल्यावर कित्येक दशके भूजलात थोडे थोडे विरघळत राहते.

आपल्याकडे गॅस कारखाने नसतील, पण रसायने, तेल, प्लेटिंगचे सांडपाणी आहेच. त्यात नाशिकचा खडक बेसाल्टचा. पाणी त्याच्या भेगांमधून वाट काढते. एका बोअरचे पाणी चांगले निघाले म्हणून शेजारच्या बोअरची खात्री देता येत नाही. याच भागातून वाहणारी नासर्डी नदी पुढे गोदावरीला मिळते, हेही विसरू नये.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. प्रदूषण करणाऱ्यानेच सफाईचा खर्च सोसावा, हे त्यातले मुख्य सूत्र. मग भूखंड दुसऱ्याच्या नावावर होण्याआधीच माती आणि बोअरच्या पाण्याची तपासणी सक्तीची करा. एकदा मालक बदलला की खर्च कोणाच्या माथी मारायचा, याचा वाद वर्षानुवर्षे चालतो आणि तोवर आसपासचे लोक तेच पाणी वापरत राहतात. एमआयडीसी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासणीचे अहवाल लोकांसाठी खुले करावेत.

— एक वाचक, सातपूर, नाशिक