चादरीच्या खोक्यावरचे रेक-ए

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात पूर्व भागातील आमच्या घरी, शेजारच्या मागांचा खडखडाट चालू असताना, आपण चार रविवार येऊन मला डीएनएच्या पुनःसंयोजनातला (दोन डीएनए रेणूंनी आपले धागे एकमेकांशी बदलण्याच्या क्रियेतला) जो मुद्दा समजावलात, त्याचे आभार मी जाहीरपणे मानत आहे, कारण तो माझ्यासारखा चुकीचा शिकवणारे आणखीही असतील.

‘एटीपी मोडतो आणि त्या ऊर्जेच्या जोरावर रेक-ए प्रथिन डीएनएच्या धाग्यांची अदलाबदल करते’, हे वाक्य मी सहा वर्षे फळ्यावर लिहीत आले. (एटीपी म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू; रेक-ए हे जिवाणूंतले प्रथिन.) आपण एवढेच विचारलेत, ‘एटीपी मोडूच दिला नाही तर?’ काम थांबेल, असे मी ठामपणे म्हणाले. तेव्हा आपण स्टीफन कोवालचिकोव्स्की यांच्या प्रयोगशाळेतला १९९० चा प्रयोग सांगितलात: एटीपीऐवजी सहजी न मोडणारे एटीपी-गॅमा-एस दिले, तरीही अदलाबदल झाली.

मग आईच्या शिवणाच्या डब्यातले इलॅस्टिक आपण मागून घेतलेत. एटीपी नुसता येऊन बसला की रेक-ए डीएनएला सुमारे दीडपट ताणून धरते, हे त्यावर दाखवलेत आणि लगेच ते बाजूलाही ठेवलेत, कारण इलॅस्टिक सगळीकडे सारखे ताणले जाते. डीएनएत मात्र तीन-तीन बेसचे, म्हणजे डीएनएच्या ‘अक्षरांचे’, गट जवळजवळ मूळ घडणीतच राहतात आणि ताण पडतो तो दोन गटांमधल्या फटींत, हे २००८ मध्ये स्फटिकरचनेतून दिसले. म्हणून चादरीच्या रिकाम्या खोक्यावर आपण पेन्सिलीने तीन-तीन रेघा ओढल्यात.

मग एटीपी मोडायचा कशाला? सोडण्यासाठी. मोडून एडीपी (एटीपीचाच उरलेला भाग) राहिला की पकड सैल होते आणि प्रथिन डीएनएवरून उतरून पुन्हा कामाला मोकळे होते. वाटेत न जुळणारा लांब तुकडा आला, तर मात्र एटीपी मोडल्याखेरीज गाडी पुढे जात नाही. हा अपवाद सांगण्याच्या नादात आपला चहा पार निवला, याची आई अजून आठवण काढते.

तो पुठ्ठा मी आता वर्गात नेते. परवा एका मुलीने विचारले, मग सगळीच प्रथिने एटीपी सोडण्यासाठीच मोडतात का? रुव्ह-बी हे जिवाणूंतले दुसरे प्रथिन तसे नाही, ते एटीपी मोडूनच धाग्यांचा चौक, म्हणजे दोन डीएनएंचे धागे एकमेकांत जातात तो सांधा, पुढे सरकवते, एवढे सांगितले; कसे, ते नीट सांगता आले नाही. पुठ्ठ्याची मागची बाजू कोरी आहे. दिवाळीनंतर सोलापुरात असाल, तर एखादा रविवार द्यावा.

आपली कृतज्ञ,
एक शिक्षिका, सोलापूर