डिस्चार्ज कार्डावर भागत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे रोजी परिचारिका दिनानिमित्त आपण नर्सेसवर अर्धं पान दिलंत, आभार. 'सेवाव्रती', 'देवदूत' ही विशेषणं दरवर्षीचीच, त्यांचं आता काही वाटत नाही. पण आम्ही रात्रभर जे लिहितो त्याचं पुढे काय होतं, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

मी जीएनएम, म्हणजे नर्सिंग आणि प्रसूतिसेवेचा डिप्लोमा केलेली नर्स. लग्नाआधीपासून ठाण्यातल्या एका खासगी रुग्णालयात होते, आधी मेडिसिन वॉर्ड, मग आयसीयू. गुडघे आणि रात्रपाळ्या यांचं जमेनासं झालं तेव्हा सीबीडी बेलापूरला एका लॉ फर्ममध्ये लागले. रुग्णालयांच्या फायली वाचायच्या, तारीख-वेळेनुसार घटनाक्रम लावायचा आणि यात कोणता कागद असायला हवा होता नि तो का नाही, ते वकीलसाहेबांना सांगायचं, हे माझं काम. अमेरिकेत असं काम करणाऱ्या नर्सेसची १९८९ पासून स्वतःची संघटना आहे. इथे मात्र सासूबाईंपासून जुन्या मेट्रनबाईंपर्यंत सगळ्यांचा प्रश्न एकच: "म्हणजे आता तू डॉक्टरांवर केसेस करणार?"

नाही हो. आमच्याकडे पेशंट येतात तसे नर्सिंग होमवालेही येतात. पुष्कळदा फाइल वाचून "यात हयगय झालेली नाही, आजारच तसा होता," असं सांगावं लागतं. समोर बसलेल्या मुलाला ते पटत नाही, ते वेगळं.

वकिलांच्या नजरेतून सुटतं ते नर्सला लगेच खटकतं. समजा, अंथरुणाला खिळलेला पेशंट आहे. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची आणि तशी नोंद करायची. चार्टवर रात्री दहा, बारा, दोन, चार, सहा अशा नोंदी असतात: डावी कूस, उजवी कूस, पुन्हा डावी. एकच पेन, एकच घाईचं अक्षर, वरून खालपर्यंत एका दमात भरलेलं. त्याच फायलीत सीटी स्कॅनचा कागद निघतो, वेळ पहाटे ३.५०. म्हणजे चार वाजता पेशंट वॉर्डात नव्हताच! ग्राहक आयोगापुढे असा एक कागद आला की रात्रपाळीच्या त्या नर्स मुलीनं बाकी रात्रभर खरोखर कूस बदलली असली तरी तिच्यावर कोण विश्वास ठेवणार?

ती खोटारडी नसते. पुढच्या पाळीला वॉर्ड सोपवण्याच्या (हँडओव्हरच्या) आधी अख्ख्या वॉर्डाचे चार्ट तिच्यापुढे पडलेले असतात, तेवढ्यात कुणाचं तरी सलाईन संपतं. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार जनरल वॉर्डात पाच रुग्णांमागे एक नर्स हवी, शिक्षण रुग्णालयात तिघांमागे एक. रात्रपाळीला हे पाळणारं छोटं खासगी रुग्णालय कुणी मला दाखवलं, तर मी पेढे वाटीन. पगाराचीही तीच गत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशावरून नेमलेल्या समितीनं पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला किमान २० हजार रुपये द्यावेत, अशी शिफारस केली होती. हातात किती पडतात ते आपल्या वार्ताहरानं घोडबंदर रोडपासून कळव्यापर्यंतच्या मुलींना एकदा विचारावंच.

आता नातेवाइकांचं. लोक आमच्याकडे येतात ते डिस्चार्ज कार्ड आणि बिलांची पिशवी घेऊन. त्यातून फारसं काही कळत नाही. मागायचे असतात ते इनडोअर केस पेपर, म्हणजे दाखल असतानाची सगळी फाइल, आणि त्यातही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वास यांच्या नोंदी), इनटेक-आउटपुट (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवांचा हिशेब), औषधं दिल्याच्या नोंदी, नर्सेस नोट्स. ते मागायला लोक कचरतात, कारण काउंटरवर लगेच "का, केस करायचीय का?" असं विचारलं जातं. मेडिक्लेमला, अपघाताच्या दाव्याला, दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायलाही हेच कागद लागतात, पण ते सांगायचं धैर्य त्या वेळी कुणाच्यात असतं? मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीनं मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यावी लागतात. अर्ज लेखी द्यावा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यावी, तोंडी मागणीला पुढे कुणी विचारत नाही. याच नियमावलीत दाखल रुग्णांच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायला सांगितलंय. ग्राहक आयोगात तक्रारीची मुदत दोन वर्षं आहे. पुष्कळ जण ती संपत आली की धावत येतात, आणि फायलीसाठी अर्ज करण्यापासून त्यांची सुरुवात असते.

आपल्या आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला एक चौकट असते. गेल्या खेपेस तिथे भेंडीच्या पाण्याचे फायदे होते. त्या जागी एकदा एवढं छापाल का: फाइल मागण्याच्या अर्जाचा चार ओळींचा नमुना, ७२ तासांची मुदत आणि वर लिहिलेल्या कागदांची नावं?

आपली नम्र,
एक परिचारिका, कळवा
(कृपया नाव छापू नये.)