पाळणाघरासाठी वार लावून घ्यावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

निवृत्तीनंतरचा वेळ समाजकार्याला द्यावा, असे आवाहन करणारी पत्रे आपल्या स्तंभातून अधूनमधून प्रसिद्ध होतात आणि त्यांना प्रतिसादही मिळतो. पुण्यात अशा कामाला माणसांची वानवा नाही. अडचण वेगळीच आहे. दांडेकर पुलाच्या परिसरातील एका वस्तीत स्वयंसेवी संस्थेने चालवलेल्या पाळणाघरात मी गेली काही वर्षे दर मंगळवारी आणि शुक्रवारी ताईंच्या हाताखाली मदतीला जातो. तेथील अनुभवावरून माझे असे मत झाले आहे की, पाळणाघराला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारा आणि ताई सांगतील तेवढेच काम करणारा माणूस हवा असतो. सवड मिळेल तेव्हा उत्साहाने येणाऱ्याचा उपयोग थोडा आणि उपद्रव बराच होतो.

आमच्याकडील बहुतेक मुलांच्या आया धुणीभांडी आणि पोळ्यांची कामे करतात. सकाळी लवकर घर सोडून चार-पाच घरची कामे उरकून त्या परततात, तेव्हा दुपार कलू लागलेली असते. अंगणवाडी आहे, पण ती त्याआधीच सुटते. २०१७ च्या मातृत्व लाभ सुधारणा कायद्याने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक केली; मात्र पाच घरांत काम करणाऱ्या बाईला अशी एकही आस्थापना नसते. घरकामगार महिलांनी याच शहरात १९८० साली संप केला होता. तेव्हापासून पगार आणि रजा यांविषयी थोडेफार तरी बोलले जाते. कामाच्या वेळेत तान्ह्या मुलाचे काय करायचे, हे मात्र अजूनही तिचे तिनेच पाहायचे असते. मग धाकट्याला सांभाळायला तिसरी-चौथीतली बहीण शाळा बुडवून घरी राहते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ (अनुताई आपल्या पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या) यांनी बोर्डी-कोसबाडला हीच अडचण ओळखून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी विकासवाडी उभी केली होती. तेथे जी गोष्ट आदिवासी पाड्यावरची म्हणून आपण कौतुकाने वाचतो, ती पर्वतीच्या पायथ्याशी आजही तशीच आहे.

आता मदतीला येणाऱ्यांविषयी. राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांना वर्षाला १२० तास काम करायचे असते. आमच्याकडे ते सत्र संपत आले की घोळक्याने येतात, आणि त्यानंतर कित्येक महिने कोणी फिरकत नाही. यात दोष त्या मुलांचा नाही, तास मोजणाऱ्यांचा आहे. हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांतील तरुण मंडळी एखाद्या शनिवारी येतात, भिंती रंगवतात, खाऊ वाटतात, छायाचित्रे काढतात. भिंत खरोखर छान दिसते. पण सोमवारी, ज्याला एका दादाने शनिवारभर कडेवरून खाली ठेवलेले नसते असा अडीच वर्षांचा मुलगा चपला हातात घेऊन दाराशी बसून राहतो आणि ताईंनी जवळ घेतले तरी रडतो. एवढ्या लहान वयात मूल रोज दिसणाऱ्या चेहऱ्यावर विसंबते, आणि लळा लावून नाहीसे होणाऱ्या माणसांची रांग त्याच्यासमोरून गेली की त्याला शांत करण्यात ताईंचे पुढचे दोन-तीन दिवस जातात.

खरी गरज कोठे असते, हे दुपारी जेवणाच्या वेळी कळते. केंद्र सरकारच्या पाळणाघर योजनेतही एका केंद्रात साधारण २५ मुले, एक सेविका आणि एक मदतनीस असाच हिशेब धरलेला आहे. आमच्याकडेही तसेच आहे. सतरंजीवर ताटल्या मांडल्या की नेमकी त्याच वेळी कोणाला तरी शी लागते, मदतनीस त्याला घेऊन मोरीकडे जाते आणि उरलेली सगळी मुले एकट्या ताईंवर येतात. अशा वेळी मी नळाशी उभा राहून एकेकाचे हात धुतो, धाकट्यांना वरणभात कालवून देतो आणि ज्यांचे जेवण झाले त्यांची तोंडे पुसतो. काही मुले शेवटचा घास गिळत नाहीत, गालात धरून ठेवतात आणि तशीच डोळे मिटू लागतात. तो घास झोपेत घशात अडकण्याची भीती असते, म्हणून आडवे करण्यापूर्वी प्रत्येकाचा गाल बघायचा, असे ताईंनी पहिल्याच आठवड्यात मला बजावले होते. या कामाला पदवी लागत नाही. मात्र ते करणारा माणूस त्या वेळी तेथे असावा लागतो.

येणाऱ्या प्रत्येकाला मुलांना इंग्रजी मुळाक्षरे शिकवण्याची घाई असते. बडबडगीते कोणती घ्यायची, मणी कधी ओवायला द्यायचे आणि कोणत्या मुलाला अजून द्यायचे नाहीत, हे ताईंना चांगले ठाऊक असते, कारण त्यांनी त्याचे प्रशिक्षण घेतलेले असते. मदतीला गेलेल्या माणसाने, तो कितीही मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेला असो, तेथे ताईंचे ऐकायचे असते. मुलाची आई न्यायला आली की ‘तुमचा मुलगा अजून नीट बोलत नाही’ असे तिला परस्पर सांगायचे नाही, ते ताई योग्य वेळी सांगतात. स्वतःच्या मनाने बिस्किटे-चॉकलेटे द्यायची नाहीत. संस्थेने माझी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी करून घेतली आणि पुरुष स्वयंसेवकाने मुलांना एकट्याने मोरीकडे नेऊ नये, असा नियमही सांगितला. काही परिचितांना यात अपमान वाटला. मला वाटत नाही. आपले नातवंड अनोळखी माणसाच्या हाती देताना आपण याहून कमी चौकशी करू काय?

पूर्वी या शहरात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी. ज्या घरचा वार असेल तेथे त्याचे पान मांडलेले असे, म्हणूनच तो मुलगा निश्चिंतपणे शिकू शकत असे. पाळणाघरांनी स्वयंसेवकांचे असेच वार लावून घ्यावेत. आठवड्यातून एकच दिवस, दीड-दोन तास, परंतु किमान सहा महिने, आणि येणे जमणार नसेल तर आदल्या दिवशी निरोप, एवढी अट पुरेशी आहे. ती ऐकून जे परत जातील, ते गेलेलेच बरे.

याबरोबरच एक इशाराही द्यावासा वाटतो. फुकट काम करणारी आजी-आजोबा मंडळी मिळू लागली की पगारी मदतनीसाची जागा रिकामी ठेवण्याचा मोह संस्थांनाही होतो आणि त्यांना अनुदान देणाऱ्यांनाही. मी आजारी पडलो, परगावी गेलो किंवा मुलाकडे बंगळूरला जाऊन राहिलो, तर मला जाब विचारता येत नाही; मदतनीसाला विचारता येतो, आणि तिचा संसार त्या पगारावर चालतो. म्हणून मुलांमागे माणसे किती, याचा हिशेब मांडताना स्वयंसेवकाला त्यात मुळीच धरू नये. वस्तीतल्याच एखाद्या बाईला हे काम मिळत असेल, तर माझ्यासारख्याने आनंदाने बाजूला व्हावे.

आपणास विनंती अशी की, शहरातील कोणत्या पाळणाघराला कोणत्या वारी आणि कोणत्या वेळेला मदत हवी आहे, याची माहिती संस्थांकडून मागवून आपण ती महिन्यातून एकदा प्रसिद्ध करावी. महापालिकेच्या समाज विकास विभागानेही आपल्या केंद्रांसाठी अशी यादी तयार करावी. विशेषतः दुपारी बारा ते दोन या वेळेत पेठांतून आणि कोथरूड-सहकारनगरमधून येऊ शकतील असे अनेक निवृत्त वाचक आपल्याकडे आहेत. त्यांपैकी बहुतेकांना नेमके कोठे आणि केव्हा जायचे, एवढेच ठाऊक नाही.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक,
नवी पेठ, पुणे