सड्यावरच्या फुलांसाठी यंत्र नको, वाळवणीची सोय द्या

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
सविनय नमस्कार.

कोकणातल्या फुलझाडांची उत्क्रांती जनुकांतून तपासायची म्हटले की पहिली मागणी सिक्वेन्सिंगच्या, म्हणजे डीएनए वाचणाऱ्या, यंत्राची होते. आमची मागणी उलटी आहे. डीएनएचे वाचन पैसे भरून बाहेरून करून घेता येते. भर पावसात कातळसड्यावरचे, म्हणजे जांभ्या खडकाच्या उघड्या पठारावरचे, रोप नीट वाळवून आणणे मात्र इथेच करावे लागते, आणि काम फसते तेही इथेच.

2024 साली लंडनच्या क्यू उद्यानातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने साडेनऊ हजारांहून अधिक सपुष्प जातींचा वंशवृक्ष प्रसिद्ध झाला. त्यासाठी केंद्रकातली ठरावीक 353 जनुके वाचली गेली. कित्येक जुन्या हर्बेरियम नमुन्यांतूनही, म्हणजे दाबून-वाळवून जपलेल्या रोपांतूनही, ती मिळाली. मग नवे नमुने कशाला, असे आपले अधिकारी विचारतील. सड्यावरची फुले पावसाळ्यातली. बुरशी धरू नये म्हणून नमुना स्पिरिटमध्ये भिजवला किंवा हीटरवर कडक तापवला की डीएनएचे तुकडे होतात. शिवाय उत्क्रांतीत अलीकडेच वेगळ्या झालेल्या गेंदाच्या (सड्यावरच्या एका छोट्या फुलझाडाच्या) जाती 353 जनुकांत कधीकधी एकसारख्याच दिसतात. त्यांच्यासाठी पूर्ण जिनोम, म्हणजे रोपाचा सगळा डीएनए, वाचावा लागतो, आणि प्रत्येक जातीची वेगवेगळ्या सड्यांवरची निदान तीन ते पाच रोपे लागतात.

कोवळे, निरोगी पान पुसून कोरडे करावे, फाडून कागदी पुडीत घालावे आणि पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिका जेलमध्ये (ओलावा शोषणाऱ्या दाण्यांत) बंद करावे. चोवीस तासांत पान वाकवताच मोडले पाहिजे. नारिंगी दाणे हिरवे पडले की जेल बदलायचे. पावसाळी हवेत पिशवी उघडी राहिली तर जेल पानातला नव्हे, हवेतलाच ओलावा पिऊन बसते, आणि ओव्हनमध्ये पुन्हा सुकवायचे तर नेमकी वीज गेलेली असते. सीतेच्या आसवांची गंमत वेगळीच: या कीटकभक्षी रोपाच्या फुग्यांत अडकलेल्या जिवांचा डीएनएही नमुन्यात उतरतो. म्हणून तिथे धुतलेला फुलांचा दांडाच घ्यावा. कंदीलपुष्पाचे एक पान पुरते, कंद उपटू नये. ज्या रोपाचे पान घेतले त्याचाच दाबलेला नमुना, अक्षांश-रेखांशासह, हर्बेरियममध्ये हवा. तो नसेल तर पुढे नाव चुकीचे निघाले तरी कुणाला पडताळता येत नाही.

म्हणून रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात प्रत्येकी एक वाळवणी केंद्र द्यावे: इन्व्हर्टरवर चालणारे ओव्हन, आर्द्रता काढणारे यंत्र बसवलेली बंद खोली, पुरेसे सिलिका जेल आणि नमुन्यांची नोंद ठेवणारा एक कायम कर्मचारी. हंगामी माणूस नको. लेबलांची अदलाबदल तिथूनच सुरू होते.

दुसरी अडचण परवानगीची. वनजमिनीवरच्या नमुन्यांची परवानगी मे महिन्यातच, सर्व रेंजसाठी एकाच पत्राने मिळावी. ती ऑगस्टात हाती पडली तर दीपकाडीचा बहर उलटलेला असतो आणि वर्ष वाया जाते. बरेचसे सडे मात्र खासगी आहेत, सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून लागलेले. तिथे मालकाची आणि ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीची संमती आम्ही घेऊ. आपण महसूल विभागाशी बोलून एवढेच करावे: चिरेखाणीचा परवाना देण्याआधी त्या सड्याची एक पावसाळी वनस्पती-नोंद सक्तीची व्हावी. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीत सडा उजाडच दिसणार.

आपले,
कोकणातील वनस्पती-अभ्यासक